पाणसळ

सोहारच्या बंदरात बोटीचा भोंगा वाजला
की क्षितिज डावीकडे कलंडतं.
फक्त माझं.
बाकीचे सरळ बसलेले, डबे उघडून.

कानाच्या आत कांद्याच्या पापुद्र्याइतकं हाड,
त्याला भोक पडलंय, म्हणाले डॉक्टर कुरियन,
आणि पुढचं टोकन पुकारलं.

तेव्हापासून मला माझे डोळे ऐकू येतात.
बुबुळ हललं की खसर्र,
पाटीवर पेन्सिल घासावी तसं.
रात्री कॅम्पात सात जण घोरतात,
मी पापण्यांखालची ये-जा ऐकत पडतो.

वीस वर्षं भिंती ओळंब्यात धरल्या.
आता टाकीवर चढायची बंदी. स्टोअरला बसवलंय,
नटबोल्ट मोजतो.
जुनी पाणसळ मात्र परत केली नाही.
कॉटच्या कठड्यावर ठेवून बघतो:
बुडबुडा बरोब्बर मधे.
म्हणजे खोली सरळ आहे.
म्हणजे मीच.

शुक्रवारी शालन फोनवर हळू बोलते,
आजाऱ्याच्या उशाशी बोलावं तसं.
परवा धाकटीने मधेच फोन ओढला
आणि खदखदून हसली.
छत खाली, फरशी वर.
दोन्ही हातांनी कठडा धरला,
म्हटलं,
अजून एकदा हस गं.