नव्वद मैल, मध्यम आचेवर

रॉलिन्स सोडताना बॉनेट पुढे ओढतो,
तापणाऱ्या लोखंडाच्या खोबणीत
ट्विलाची पुडी ठेवतो, वरून तार आवळतो.
नव्या ट्रकांत अशी जागाच ठेवलेली नसते.
माझा जुना आहे, धापा टाकतो,
पण त्याच्या पोटात चूल आहे.

फॉइलवर काळ्या मार्करने तिची ठसठशीत अक्षरं:
कोंबडी, फ्लॉवर, लिंबाची चकती. नव्वद मैल.
सामन, झुकिनी, लोणी. पंचावन्न,
पुढे नेऊ नका बाबा, कोरडा पडतो.
पोर्क, कोबी, राई. एकशे दहा,
चढ असेल तर शंभरात होईल.
मिनिटांत तिनं कधी लिहिलं नाही.
बाप घरी किती वाजता येतो असं शाळेत विचारलं
तरी मैलच सांगायची.

मार्चमध्ये डॉक्टरीणबाईंनी कागद माझ्याकडे वळवला,
आकडा तोंडाने उच्चारला नाही.
एवढी साखर रक्तात घेऊन
चाळीस टन कुणाच्या अंगावर न्यायचे आहेत, म्हणाल्या,
आणि परवान्यावरची सही तीन महिने लांबवली.
तेव्हापासून पाव गेला. मका गेला.
बटाटा गेला,
आणि त्याच्यामागोमाग ग्रेव्हीलाही काही अर्थ उरला नाही.
ट्रक स्टॉपवरची ओफीलिया अजून विचारते,
"नेहमीचंच ना?"
गेलेल्या माणसाची चौकशी करावी तसं.
मी काळी कॉफी घेऊन निघतो.

ट्विला हॉस्पिटलच्या लाँड्रीत आहे.
दिवसाला चारशे चादरींच्या घड्या.
रविवारी त्याच हातांनी
ओट्यावर फॉइलचे चौदा तुकडे फाडते,
मधोमध भाजी, भाजीवर मांस, मांसावर लोणी,
कडा दोनदा दुमडून अंगठ्याने दाबत जाते.
"चकचकीत बाजू आत की बाहेर?" मी दर रविवारी विचारतो.
"काही फरक पडत नाही," ती दर रविवारी सांगते.
आमच्यात बोलणं एवढंच,
पण चुकवत नाही.

गुरुवारी एल्क माउंटनपाशी वाऱ्याने रस्ता बंद केला.
फाटक आडवं पडलं, त्यामागे ट्रकांची रांग,
बर्फ खालून वर पडत होता.
चव्वेचाळीस मैल झाले होते.
मैल थांबले की शिजणंही थांबतं:
उभं इंजिन नुसतं ऊब धरतं.
पुढच्या ट्रकमधला ऑरविल खिडकी ठोकून म्हणाला,
"लिंबाचा वास येतोय रे तुझ्या इंजिनाला."
त्याच्याकडे चिप्सची पिशवी होती, पुढे केली.
मी नको म्हटलं. तो परत गेला.
मग सहा तास
अर्धी कच्ची कोंबडी आणि मी,
दोघंही वाट बघत.

रात्री अकराला फाटक उघडलं.
उरलेले सेहेचाळीस मैल कुठेही न थांबता केले,
लॅरमीच्या थोडं अलीकडे, दिव्याखाली, ट्रक लावला.
हातमोजे घालून पुडी काढली, कड सोडली,
वाफेने चष्मा गेला.
पुसून पाहिलं तर कोंबडीच्या मांडीखाली,
कुणी पाहू नये अशा बेताने सरकवलेला
एक बटाटा.
बोराहून जरासा मोठा. सालीसकट.
पातळ काप केलेले, पण पुन्हा
अख्खा दिसावा असे जुळवून ठेवलेले.

मोबाइलवर तारीख पाहिली. एकोणीस.
माझीच. मी विसरलो होतो.

आधी फ्लॉवर संपवला. मग कोंबडी.
मग काप, एकेक,
मोजायचे नाहीत असं ठरवून मोजले: सात.

दोन तासांनी बोटाला सुई टोचली,
आकडा आला तसा वहीत लिहिला,
जरा वरच होता, पण उगाच घाबरवणारा नव्हता.
ट्विलाचा फोन आला. जागीच होती.
"शिजली का नीट?"
"शिजली."
"आणि?"
"लिंबू जरा जास्त झालं."
पलीकडे ती हसली असावी,
वाऱ्यात नीट ऐकू आलं नाही.

फॉइल पुसून घडी केली, दाराच्या कप्प्यात ठेवली.
चकचकीत बाजू आत होती.