तीळमाती

भट्टीचं अस्तर बदलायला काढलं
म्हणून उद्यमबागेत तीन दिवस सुट्टी.
मुचंडीकरची ओम्नी मागून घेतली,
पेट्रोल आपलं, पंक्चर आपलं, या बोलीवर.
तुझी आई दवाखान्याच्या पाळीला निघता निघता म्हणाली,
वाळू तेवढी घरात आणू नका.
तुमची रोजची पुरे आहे.

खानापूर मागे पडेपर्यंत तू झोपलेली.
मलप्रभेवरचा पूल, कौलांचे ढीग, विटांचा धूर,
काही बघितलं नाहीस.
लोंढ्याजवळ मालगाडी आडवी आली
तेव्हा उठून डबे मोजलेस, एकोणसाठ,
आणि भांडलीस,
इंजिन धरायचं की नाही धरायचं.

रामनगर सोडल्यावर झाडं रस्त्यावर वाकली.
तिथून पुढच्या पाट्या तू वाचायच्या, असं ठरलं.
मला कन्नड बोलता येतं,
मालकाशी, हमालाशी, बँकेतल्या बाईंशी,
अक्षरं मात्र नुसती गोल दिसतात,
फळीवर वाळत ठेवलेल्या गाभ्यांसारखी.
तू चौथीत. बोट काचेला लावून वाचतेस.
निधानवागि चलिसि.
म्हणजे हळू चालवा, बाबा, तुम्ही लई जोरात हाणूलालाय.
आने दाटुव जाग.
म्हणजे हत्ती ओलांडायची जागा.
जागा तिकडंही जागाच की, म्हणालीस,
आणि हत्तीसाठी अर्धा तास गप्प बसलीस.

हत्ती आला नाही.
अणशीच्या तिसऱ्या वळणावर तू ओकलीस,
निम्मं माझ्याच ओंजळीत.
झऱ्यावर तोंड धुताना एक कुणबी बाई थांबली,
टोपलीतला उकडलेला कंद दिला, मीठ लावून.
तिचं कोंकणी, माझं बेळगावी, तुझं मुसमुसणं.
पैसे घेईना.
कद्र्याच्या धरणापर्यंत तू तो कंद
खाल्लाही नाहीस, सोडलाही नाहीस.

माजाळीला गाडी लावून टेकडी चढलो.
पलीकडच्या उतारावर तू पुढं पळालीस
आणि थांबलीस.
समुद्र समोर होता. तू पायाखाली बघत होतीस.
बाबा, ही तर तुमच्या कारखान्यातली.

एकवीस वर्षं मी वाळू हातानं ओळखतो.
मूठ आवळायची, उघडायची,
बोटांचे वळ राहिले तर साचा धरेल.
सवयीनं आवळली.
उघडली तर तिळासारखी सुटून गेली.
चिकणमाती नाही हिच्यात, मी म्हणालो,
बेंटोनाइट नाही, ही काही धरायची नाही.
पाणी घाला की मग, म्हणालीस.

लाटेच्या कडेला तुझं पाऊल ठेवलं,
भोवतीनं ओली वाळू भरली,
तळहाताच्या मांसल भागानं ठोकत, ठोकत,
घाई न करता.
हलू नकोस म्हटलं. हलली नाहीस.
सरळ वर उचललं.
टाच आली, पाचही बोटं आली,
करंगळीची नखाएवढी भिंतसुद्धा उभी.
फोरमन असता तर त्याला हाक मारली असती.

मग लाट आली आणि तिनं ओतलं,
काठोकाठ. वर फेस, मळीसारखा.
थंड व्हायला किती वेळ?
बिडाला रात्र लागते, मी म्हणालो.
तू उकिडवी बसलीस, गुडघ्यांवर हनुवटी,
आणि पाणी हटल्यावर तिथं सपाट तीळ.
काही बोलली नाहीस.
दुसरा पाय पुढं केलास.

त्या दिवशी किती ओतले, मोजले नाहीत.
येताना पाट्या कुणीच वाचल्या नाहीत,
रात्र होती, तू मागच्या सीटवर आडवी.

घरी तुझ्या आईनं माझे खिसे उलटे केले.
मोरीत काळं सांडलं.
ही कारखान्यातली की तिथली, तिनं विचारलं.
मी चिमूट घेतली, बोटांत चोळली,
दिव्याखाली धरली,
परत चोळली.