इरीया

सावद्याच्या पॅकहाऊसात रात्रपाळी.
फण्या धुऊन पेट्यांत बसल्या, तापमान साडेतेरा.
आता पहाटेपर्यंत कंप्रेसरची घरघर आणि मी.
वजनपावत्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहिते:
कोमेर, खाणे. कोमेरीया, खाल्लं असतं.

नियम साधा. क्रियापद छाटायचं नाही,
अख्खं ठेवून शेवटी ईया जोडायचं.
काही हट्टी आहेत, मधलं अक्षर गिळतात,
फेगडेमामा गिळतात तशी, पगाराची तारीख विचारली की.

आणि मी, तो, ती, सगळ्यांना एकच: इरीया.
गेले असते की गेला असता,
कोण, ते शब्दावरून कळत नाही.
तुला हे आवडलं असतं, वामन.

ग्वायाकीलच्या बागा बघायला चल, म्हणालास.
इथल्यासारखीच केळी, फक्त सातपुडा नाही.
मी म्हणाले, आले असते रे, पण.
त्या पणवर पिलबाग धरून बारा वर्षं झाली.

आज पुढचा धडा:
संधी हुकली असेल तर रूप वेगळं, जोडीचं. आब्रीया इदो.
नुसतं इरीया म्हणजे
अजून कशालाच उशीर झालेला नाही.
आपल्या 'गेले असते'त दोन्ही मावतात,
ऐकणाऱ्याला मात्र कडी लागल्याचाच आवाज येतो.
तुलाही तोच आला असेल.

चार वाजता गाडी लागली.
ड्रायव्हर म्हणाला, ताई, चहा घेणार?
तोंडातून निघालं, तोमारीया.
कोण मारिया?
मी पेला पुढे केला.