अठ्ठावीस दिवसांचा महिना

दादाचा महिना अठ्ठावीस दिवसांचा.
कॅलेंडरवर मी गोल करते
तो अमावस्येला नाही, पोळ्याला नाही,
पाकिटात सात गोळ्या उरल्या की करते.
सात, कारण एक दिवस एसटी येत नाही,
एक दिवस डॉक्टर मीटिंगला,
एक दिवस संगणक बंद,
आणि एक रविवार असतोच.
उरलेल्या तीन दिवसांचं माझं मी बघते.

खिडकीच्या आत बोरकर कंपाउंडर.
"पेशंट कुठं हाय?"
बोडीवर. गळ टाकून बसलाय.
"त्याले आना लागते बाई,
डोक्याची गोळी अशी कोनाच्याही हाती देता येत नाही."
मागच्या खेपेला आणलं होतं, भाऊ.
अर्ध्या वाटेत उतरला एसटीतून,
बांध्यांमधून धान तुडवत घराकडे निघाला,
मी चपला हातात घेऊन त्याच्या मागं.

"अन् चिठ्ठी जुनी झाली."
जुनीच आहे.
घडीवर फाटली तिथं चिकटपट्टी लावली,
पट्टीखाली लांजेवार साहेबांची सही
चहासारखी पिवळी.
साहेब बदलून गेले.
त्यांना दादा न येताही दिसायचा.
दर वेळी एकच ओळ लिहायचे:
तेच चालू ठेवा.
अकरा वर्षं
मी दुसरं काय केलं?

आषाढात गोळीचा रंग बदलला.
पांढरी होती, पिवळी आली.
"कंपनी दुसरी, औषध तेच," बोरकर म्हणाला.
दादानं ती तळहातावर घेतली,
उन्हात धरली, उलटी केली.
"हे माही नोहे,"
म्हणून कोंबड्यांपुढं टाकली.
कोंबड्यांनीही खाल्ली नाही.
मग नऊ रात्री तो कवेलू मोजत बसला,
आकडा चुकला की पहिल्यापासून.
घरातला विळा मी शेजारच्या तानाबाईकडे नेऊन ठेवला.
ती काही बोलली नाही, तिनं तो तांदळाच्या कोठीमागं सारला.
दहाव्या दिवशी अंडी विकली
आणि वडशाच्या मेडिकलातून पांढरी आणली.

आता नवीन डॉक्टरीण आलीय, लातूरकडची.
आवाज मऊ, पेन घाईचा.
"जुनं रेकॉर्ड दाखवा."
रजिस्टर पुरात भिजलं, मॅडम, तुमच्याच कपाटात.
"मग मी कशावरून लिहू?"

घरी येऊन हे मी दादाला सांगितलं नव्हतं.
चुलीला सांगितलं होतं, फुंकता फुंकता.
सकाळी एसटीच्या वेळेला
त्यानं खाटेखालून बिस्किटाचा डबा काढला.
"डॉक्टरीनले सांग,
आपला हिसोब बराबर हाय."

टेबलावर डबा उघडला तेव्हा
मीही पहिल्यांदाच पाहत होते.
रिकामी पाकिटं, सुतळीनं बांधलेल्या गड्ड्या,
प्रत्येक पाकिटाच्या चंदेरी पाठीवर
नखानं ओरखडलेली तारीख.
मधे मधे चिंधीच्या पुरचुंड्या.
मॅडमनी एक सोडली.
आत लाखोरीचे दाणे.
"हे काय?"
मला माहीत नव्हतं.
त्या मोजायला लागल्या,
सहा, सात,
आणि आठव्याला मला कळलं.
नऊ असतील, मी म्हटलं.
गोळी नव्हती त्या दिवसांचे.

नववा दाणा त्यांनी बराच वेळ चिमटीत धरला.
मग पुरचुंडी होती तशी बांधायला गेल्या,
त्यांना गाठ जमेना.
मी बांधली.
नव्या कागदावर त्यांनी औषधाचं नाव लिहिलं,
खाली तारीख, सही, शिक्का,
आणि म्हणाल्या, "कधीतरी मीच येईन बोडीवर."
येतील की नाही कोण जाणे.
गाडी लागते, डिझेल लागतं, वरची परवानगी लागते.

खिडकीवर बोरकरनं कागद उजेडात धरून पाहिला.
"एकच पाकीट हाय. चौदा गोळ्या."
पांढऱ्या?
"पांढऱ्याच."

एसटीत डबा मांडीवर.
खड्डा आला की आतून दाणे वाजायचे,
पुढच्या सीटवरचं पोर वळून वळून बघायचं.
आज सोमवार.
म्हणजे येत्या सोमवारी सात उरतील.
कॅलेंडर घरी होतं.
गोल मी तिकिटाच्या मागंच काढला.