पुढं?

वसमतच्या यार्डात, सात नंबरच्या गाळ्यामागं
पत्र्याच्या खोलीत माझं टेबल.
की-बोर्डावरची एंटरची कळ पिवळी पडलीय.
हळद पुसून जात नसते,
एवढं पहिल्याच आठवड्यात कळलं.

काम सांगायला साधं:
मन्मथअप्पांचा जुना प्रोग्राम एकच शब्द बोलतो, पुढं?
आणि उत्तर त्याला तिथल्या तिथं लागतं.
थप्पीत हात घालावा
अन् वरचं पोतं हाती यावं, तसं.

नवा भुईकाटा तसला नाही.
त्याला पुढं? म्हटलं की तो चिठ्ठी देतो:
वजन येईल.
कधी, ते चिठ्ठीत नसतं.
कळमनुरीचा टेम्पो पंक्चर असेल,
जवळा बाजारची गाडी चहाला थांबली असेल.
येईल, एवढंच.

जुन्याला नव्याच्या चालीत बसवणं तासाभराचं काम.
गेल्या सालचा एकेक आकडा पाकिटात घातला,
पाकीट उघडंच ठेवलं.
हातात असलेलं थांबून द्यायला काय लागतं?

उलटं मात्र

पहिल्या दिवशी म्हटलं, आधी सगळं येऊ दे,
यादी करू, मग देऊ त्याला एकेक.
दुपारचे तीन वाजले, सौदा होऊन गेला,
पट्टीसाठी माणसं खिडकीशी,
पडद्यावर शून्य पोती,
आणि काट्यावर गाड्या येतच होत्या.
यादी पुरी व्हायला बाजारच मोडावा लागला असता.

दुसऱ्या दिवशी म्हटलं, त्यालाच थांबवू.
वजन येईस्तोवर हलायचं नाही.
तो थांबला. काटाही थांबला.
गफार हमाल ओरडत आला, गेट उघडा की!
मला उमजेना कुठं अडलंय.
तर वाट बघणारा आणि गेट उघडणारा
एकच धागा होता.
किल्ली खिशात घालून
गाडी का येईना म्हणून
बसला होता खुर्चीवर.

मला हसू आलं नाही.
भावाचा फोन येत नाही म्हणून आमची आई
दिवसभर त्यालाच फोन लावत बसायची.

काय करायलीस बाई, तीन दिवस झाले?
अप्पांना सांगितलं, जमेल तसं.
त्यांनी बासन सोडलं, एक पान काढलं.
चार ओळी भरलेल्या, पाचवीत नुसतं नाव,
खाली पुन्हा ओळी, त्याच शाईच्या.
ही गाडी पूर्णेला अडकलती, म्हणाले.
नाव टाकलं, जागा सोडली, दुसऱ्याची पट्टी केली.
मग आली तेव्हा भरायचं ना? ही तर कोरीच आहे.
अप्पा गाठ मारत होते.
तिसऱ्या दिवशी पोरगा सांगाया आला, येत नाही म्हणून.
तवर पान मिटलं नव्हतं मी.
गप बसलं म्हंजे संपलं, असं नसतंय बाई.

त्या रात्री गेटवर दुसरा धागा उभा केला.
मधे एक बाकडं.
गाडी आली की त्यानं चिठ्ठी बाकड्यावर ठेवायची,
जुन्यानं तिथं बसून विचारायचं, पुढं?
चिठ्ठी नसली तर डुलकी काढायची,
पण गेटच्या वाटेत नाही.
शेवटी एक चिठ्ठी, तिच्यावर वजन नाही,
नुसतं: संपलं.

आज चाललं. एकशे बारा गाड्या, एकही पट्टी अडली नाही.
गफारनं माझ्या वाटचा चहा आणला,
कपाच्या कडेला त्याचं पिवळं बोट उमटलेलं.

रात्री भाकरी मोडताना आठवलं,
ती शेवटची चिठ्ठी टाकायची ओळ
लिहायची राहिली.

यार्डाला कुलूप. काटा थंड.
पत्र्याच्या खोलीत पंखासुद्धा बंद,
आणि अंधारात बाकड्यावर तो,
अजून