बिनआवाजाची मालिका

मिरजेत, तिसऱ्या मजल्यावर, हाडांच्या वॉर्डात
भिंतीवर टीव्ही होता, तारेनं बांधलेला.
आवाज ठेवायचा नाही, सिस्टरचा हुकूम;
रिमोट त्यांच्या ड्रॉवरमध्ये, प्लास्टिकच्या पिशवीत.

साडेसातला मालिका लागायची.
पडद्यावरच्या बाया भांडायच्या, नुसते ओठ हलायचे,
आणि संवाद आमच्या खाटांवरून जायचे.
सासू शैनाज शिकलगारच्या वाट्याला:
मांडीत सळई, पण आवाज असा
की शेजारच्या वॉर्डातले पुरुष दाराशी येऊन उभे राहत.
थोरली जाऊ कवठ्याच्या कोष्टीबाई.
अथणीच्या गंगव्वाला घरगडी दिला होता,
तो कानडीत बोलायचा, कुणाला कळो न कळो.

धाकटी सून माझी, असं त्यांनी परस्पर ठरवलेलं.
मी बोलत नव्हते.
सुनेनं तोंड उघडलं की शैनाज म्हणायची,
"हिचं राहू द्या. हिचा घसा बसलाय."
एकोणीस दिवस बसला होता.

विसाव्या दिवशी सून बॅग भरत होती.
साड्या, एक फोटो, एक छोटा डबा.
मग वळली, थेट आमच्याकडं,
आणि ओठ हलले.
वॉर्ड थांबला,
नळाला पाणी यायच्या आधी
कळशी धरून थांबावं तसा.

मी म्हणाले,
"मी चल म्हणाले, म्हणून ती आली."

तासगाव रस्ता. संध्याकाळ.
मागं दिवा नसलेली उसाची ट्रॉली.
स्कूटीवर माझ्या पाठीला टेकलेली हेमू.
यातलं काही मी बोलले नाही.
केसपेपरवर होतंच, आणि वॉर्डात केसपेपर
सगळ्यांचा सगळ्यांना पाठ असतो.

शैनाजनं पडद्यावरून नजर काढली नाही.
सासूच्याच आवाजात, पण हळू, म्हणाली,
"तू न म्हणतीस तरी आली असती.
तिला बांगड्या भरायच्या हुत्या."
"चप्पल," मी म्हणाले. "चप्पल घ्यायची होती."
"तेच ते," शैनाज म्हणाली.

आणि गंगव्वा, घरगडी विसरून:
"अळबेड, तंगी."

आपल्याकडं तंगी म्हणजे टंचाई.
मला वाटलं, हिलासुद्धा दिसतंय काय कमी पडलंय ते.
कानडीत धाकट्या बहिणीला तंगी म्हणतात,
हे कोष्टीबाईंनी जेवणाची ताटं आल्यावर सांगितलं.
तोवर उशी भिजली होती
आणि वर भांडी घासायच्या साबणाची जाहिरात,
एक बाई पातेल्यात तोंड बघून हसत होती.

आता घरी आहे. कुबडी दाराआड.
परवा मोबाईलवर तो भाग सापडला, आवाजासकट.
बॅग भरता भरता सून म्हणत होती,
"मामंजींच्या गोळ्या वरच्या खणात आहेत."

हसले. एकटीच, बरगडी दुखेपर्यंत.
मग आवाज बंद केला
आणि पहिल्यापासून लावला.