उसना गडी

हिशेबाची वही माझ्याकडे होती,
म्हणून त्या मोसमाबद्दल मी बोलायचं.
बाकीचे खेळले.

नेब्रास्का, अठराशे ब्याण्णव.
ऑल्डर फोर्क कॉलेज : दोन इमारती, एक घंटा,
मागे डीनच्या गाईंचं कुरण.
पहिली नोंद : चुना, तीस सेंट.
दुसरी : कातडी चेंडू, पोस्टाने मागवलेला.
तो तोंडाने फुगवावा लागे.
ऑटो क्रेहबील फुगवायचा, आणि मग
डोळ्यांपुढचे काजवे विझेपर्यंत
कुंपण धरून उभा राहायचा.

नियमांचं पुस्तक प्रोफेसर डिल यांच्याकडे.
ते ग्रीक शिकवत.
आधी नियम, मग अपवाद, मग अपवादाचे अपवाद,
तोवर हाल्वर ल्युंडग्रेनने
कुणाला तरी गवतात आडवं केलेलं असे.

डोक्यावर काही घालायची पद्धत नव्हती तेव्हा.
पोरांनी जूनपासून केस वाढवले,
तीच ढाल.
रविवारी चर्चमध्ये एका बाकावर अकरा झिपरी डोकी,
आणि पाद्रीबाबा सॅमसनची गोष्ट
टाळून पुढे जात.

पहिला सामना : बासष्ट-शून्य.
शून्य आमचं.
खर्च : आयोडीन, पट्ट्या.
एज्राच्या दाताची नोंद नाही,
तो त्याने खिशात घालून नेला.

दुसरा : चाळीस-शून्य, वर गाडीभाडंही आमचंच.
परतताना कंडक्टरने डब्यात कंदील धरला
आणि हळू आवाजात विचारलं,
"अपघात कुठे झाला?"
हाल्वर म्हणाला, "मैदानावर.
पुढच्या शनिवारी पुन्हा आहे."

तिसरा : अठरा-शून्य.
प्रोफेसर डिल यांनी तिन्ही आकडे
फळ्यावर एकाखाली एक लिहिले,
आणि खडू खाली ठेवताना
पहिल्यांदाच हसले.

मी बारावा.
बादली, स्पंज, वही.
केस माझेही वाढलेले होते. उगाच.

चौथा सामना थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी.
दव गोठलेलं, शेणाच्या पोवट्यांचे दगड झालेले.
पाहुणे गाडीतून उतरले ते दहाच;
एका पोराला गालगुंड झालं म्हणून
वाटेतल्या स्टेशनवर सोडलेलं.
त्यांच्या कप्तानाने टोपी काढली :
एखादा गडी उसना मिळेल का?

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं,
फळीवरचं जास्तीचं पातेलं
शेजारणीला काढून द्यावं तसं.

त्या आजारी पोराचा स्वेटर मला मिळाला.
बाह्या बोटांच्याही खाली.
(आठवड्याभराने गालगुंडही मिळालं.)

तासभर कुणाचंच काही होईना.
वाफा, शिव्या, चिखल नव्हे, नुसती माती.
मग एज्राच्या हातून चेंडू निसटला,
पोवट्यावर आपटून तिरका उडाला
आणि माझ्या पोटात शिरला.

मी पळालो.
तीन महिने रोज संध्याकाळी
बादलीपाशी उभं राहून पाहिलं होतं :
ऑटो उजवीकडे झुकतो,
एज्रा आधी पायांकडे बघतो.
त्यांना चुकवणं
पाठ केलेलं पान उलटण्याइतकं सोपं निघालं,
आणि तेच वाईट वाटलं.

मागून हाल्वर. माझ्याच खोलीत राहणारा.
"पळ, सायलस, पळ!" ओरडत होता.
आपण कोणत्या बाजूचे
हे त्याच्या ध्यानात आलं तेव्हा
मी चुन्याच्या रेघेपलीकडे पालथा पडलो होतो,
चेंडूवर.

टचडाउनला तेव्हा चार गुण.
पुढची किक हुकली.
चार-शून्य.

रात्री जेवताना एज्राने बटाट्यांचं भांडं
न बोलता माझ्याकडे सरकवलं.
ऑटो भिंतीकडे तोंड करून
खांदे हलवत होता;
हसत होता की काय, मी विचारलं नाही.

मग वही उघडली.
चुना, वीस सेंट. स्पंज, एक. पराभव.
खाली उसनवारीच्या रकान्यात :
एक गडी दिला.

"परत मिळाला" असं पुढे लिहायला
दौतीत टाक बुडवला,
तर बाही शाईत बुडाली.
पाहुण्यांची गाडी केव्हाच गेली होती,
आणि स्वेटर
मी अजून काढलाच नव्हता.